टेलरबाईंनी पारखलेली शाळा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेलरबाईंचं दुकान होतं. बाई मशीनवर बसल्या की कापड हातातून पाण्यासारखं पुढं सरायचं. काज तर असे करायच्या की गिऱ्हाइकाचं बोलणं संपायच्या आत दोरा तोडलेला! अशा चपळ बाईच्या पोटी मुलगी आली ती संथ. साडेतीन वर्षांची पोर चपलेचा पट्टा लावायला बसली की भिंतीवरचं ऊन जमिनीवर उतरायचं. घरात तिचं नावच पडलं, गोगलगाय.

पहिल्या बालवाडीनं पंधरा दिवसांत पोर परत पाठवली. तिथल्या बाई म्हणे, "वर्गाचं गाणं संपतं, तेव्हा हिचं सुरू होतं."

मग कुणीतरी मॉन्टेसरीचं नाव काढलं. सासूबाई फणकारल्या, "तिथं म्हणे मुलं पाणी ओततात नि फरशी पुसतात. आपली मोरी काय वाईट आहे?"

"आई, अंगाला लावून बघितल्याशिवाय मी कात्री चालवत नाही," टेलरबाई म्हणाल्या. "शाळाही आधी बघणार." दुसऱ्यांदा परत आली तर पोर मनात धरेल, खोट आपल्यातच आहे. बाईंना धास्ती होती ती एवढीच.

दुकान बंद ठेवून, पोरीला घेऊन त्या सकाळभर वर्गाच्या कोपऱ्यात बुटक्या स्टुलावर बसल्या. शाळेच्या ताईंची अट एकच होती, मुलांच्या कामाला हात लावायचा नाही. पोरीनं फळीवरून एक लाकडी चौकट उचलली. तिच्यावर कापडाच्या दोन पट्ट्या, पाच मोठी बटणं. पहिलं बटण काजात गेलं. दुसरं अर्धं जाऊन निसटलं, पुन्हा निसटलं. टेलरबाईंची बोटं मांडीवर वळवळत होती. कशीबशी चार लागली, पाचवं अडलं, आणि बाईंचा हात गेलाच. टिचकीसरशी बटण आत.

पोर रडली नाही. तिनं आईकडे एकदा बघितलं, पाचही बटणं सोडली आणि पहिल्यापासून सुरू केलं.

ताई हळूच म्हणाल्या, "हाताची घडी घाला हो, टेलरबाई."

बाकीची मुलं खाऊ खाऊन आली. हिला कुणी उठवलं नाही, कुणी हसलं नाही. पाचवं बटण लागलं तशी पोरीनं चौकट जागेवर नेऊन ठेवली नि म्हणाली, "आता भूक."

टेलरबाईंनी तिथंच नाव घातलं.

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. "काय, पळाली का गोगलगाय?"

"शाळा तिच्या मापाची आहे, आई. आपलंच घर तिला तंग होतंय. तिचं एकेक बटण आजवर मी लावलं, घाईघाईनं. उद्यापासून तिचे कपडे ती घालेल. आणि ते नाव आजपासून बंद."

"आणि खोळंबलेल्या गिऱ्हाइकांना काय सांगशील?"

टेलरबाईंनी ओला फडका घेतला. दुकानाच्या पाटीवर उघडायच्या वेळेपुढं खडूनं लिहिलेले नऊ पुसले आणि ठसठशीत अक्षरांत साडेनऊ लिहिले.