रंगनाथची धाव

"मी निघालो म्हंजे पोचलोच समजा," असं रंगनाथ नेहमी म्हणायचा. गिऱ्हाइकाला फोनवर म्हणायचा, परभणीच्या गोदामात साहेबाला म्हणायचा, आणि घरी जेवायला उशिरा आला की वच्छलाबाईलाही म्हणायचा. ती म्हणायची, "आपल्या लग्नाची वरात उशिरा आली, तवाबी तुमी हेच म्हणले होते." यावर रंगनाथ सगळ्यांच्या आधी हसायचा. स्वतःवर हसायचा पहिला मान त्यानं कधी दुसऱ्याला दिला नाही.

जिंतूर रस्त्याच्या गावांना तो पार्सलं पोचवायचा. मोटारसायकलच्या दोन्ही अंगांना पिशव्या, पाठीवर तिसरी. मागून बघणाऱ्याला वाटावं, कुणाचं तरी बिऱ्हाड हललं. दोन्हीकडं कापूस फुटलेला, मधून काळा रस्ता, आणि त्यावरून फटफटत जाणारं हे बिऱ्हाड.

कंपनीत युनियन झाली तेव्हा रंगनाथला सेक्रेटरी केलं. त्याला भाषण येत नव्हतं. पण मुद्दा संपल्यावरही तो बोलतच राहायचा, त्यामुळं लोकांना वाटलं, याला बरंच ठाऊक असावं. त्यालाही हळूहळू तसंच वाटायला लागलं.

युनियनचं म्हणणं साधं होतं. जिंतूरची लाइन, म्हणजे त्या रस्त्याची सगळी गावं, एकट्याच्यानं आठ तासांत होत नाही, दुसरा माणूस द्या. तो दुसरा माणूस म्हणजे बन्सीधर. बदली कामगार, कुणी आजारी पडलं तरच त्याला बोलावणं यायचं. ही जागा मिळाली तर बन्सीधर आणि त्याची बायको यंदा ऊसतोडीला जाणार नव्हती. गावात टोळ्या जमायला लागल्या होत्या, पण त्याच्या बायकोनं कोयता अजून धारेला टाकला नव्हता.

कंपनी म्हणाली, माणूस वाढला की खर्च वाढतो आणि दर वाढला की गिऱ्हाईक दुसरीकडं जातं. आधी किती वेळ लागतो ते मोजून बघू. मोजायला मोठ्या ऑफिसातून रोहिणी मॅडम आल्या. त्या स्कूटीवर दिवसभर रंगनाथच्या मागं राहणार होत्या.

"दादा, उद्या तेवढं कंपनीच्याच नियमानं चाला," बन्सीधर म्हणाला. "दारात जायाचं, ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. हात जोडतो."

"आरं, मी काय येडा हाय का?" रंगनाथ म्हणाला.

दुपारपर्यंत तो येडा नव्हता. मग करंजाळा गाव आलं.

करंजाळ्यात दिवसा माणसं रानात असतात. म्हणून एरवी रंगनाथ सगळी पार्सलं कमलबाईच्या पिठाच्या गिरणीत टाकून पुढं सुटायचा. संध्याकाळी दळणासोबत ज्याचं त्याला मिळायचं. आज तो एका कुलूपबंद दारापुढं उंबऱ्यावर बसून मालकाची वाट बघत होता. गिरणीच्या दारातून कमलबाईनं पाहिलं.

"का रं रंगनाथ, पायात काटा मोडला का काय? गोगलगायीवानी चालायलास!"

दळणाला आलेल्या बाया हसल्या. एक म्हणाली, "आता वय झालं त्यांचं. तो दुसऱ्या कंपनीवाला कवाच येऊन गेला."

एवढं पुरे झालं. युनियन, मोजणी, बन्सीधर, सगळं गिरणीच्या घरघरीत बुडालं. रंगनाथ उठला, पिशवी गिरणीत रिकामी केली आणि गाडीला किक मारली. पुढच्या गावची पार्सलं न्हाव्याच्या दुकानात, त्यापुढची पानटपरीवर. मॅडमची स्कूटी धुळीत दिसेनाशी झाली, तेव्हा तर त्याला आणखीच चेव चढला. परभणीत शिरला तेव्हा ऊन पुरतं उतरलंही नव्हतं. मागून पोचलेल्या, धुळीनं माखलेल्या मॅडमना तो ऐटीत म्हणाला, "बघा, मी निघालो म्हंजे..." आणि तेवढ्यात त्याला बन्सीधर आठवला.

दुसऱ्या दिवशी गोदामात सगळ्यांसमोर मॅडम म्हणाल्या, "लाइन आठ तासांच्या आत झाली. दुसऱ्या माणसाची गरज दिसत नाही. पण मी वाटेत विचारत आले, दुपारनंतर एकही पार्सल दारात गेलं नाही. एकाची चप्पल दुसऱ्याच्या घरी जाते, अशा तक्रारी येतात त्या यामुळंच."

एका दुपारीत रंगनाथनं दुसऱ्याची जागा घालवली होती, आणि काम वाईट केल्याचं शाबीतही करून दाखवलं होतं. इतकी चपळाई त्याला आयुष्यात कधी साधली नव्हती.

बन्सीधर रागावला नाही. खाली बघत म्हणाला, "आसू द्या दादा. बायकोला सांगतो, कोयता धारंला टाक."

रंगनाथला ते ऐकवेना. तो उठून उभा राहिला.

"मॅडम, काल तुमी जी धाव बघितली, ती माझी न्हाई. करंजाळ्यात पार्सलं कमलबाई वाटती. पुढं न्हावी वाटतो, टपरीवाला वाटतो. एवढी माणसं फुकट राबत्यात, तवा ही लाइन येळंत व्हती. मी एकटा लय सुस्त माणूस हाय. माझ्या बायकोला इचारा."

गोदाम हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"सांगितलं आसतं, तर माझं नाव कसं झालं आसतं?"

मॅडमनी थोडा विचार केला. म्हणाल्या, "परवा पुन्हा मोजू. प्रत्येक पार्सल दारात. आठ तास झाले की जिथं असाल तिथं थांबायचं. मागं उरेल ते दुसऱ्या माणसाचं काम."

ठरल्याप्रमाणं रंगनाथ दारोदार फिरला. कुत्री भुंकली, म्हाताऱ्यांनी चहा पाजला, एका बाईला पार्सल घेताना सांगायचा फोनवरचा नंबर सापडेपर्यंत तिची शेळी त्याच्या पिशवीचा बंद चघळत राहिली. करंजाळ्याच्या मधोमध मॅडमनी हात वर केला. वेळ संपली होती आणि पिशवी अर्धी भरलेली होती. पुढची गावं तर बाकीच होती.

गिरणीतून कमलबाई ओरडली, "आरं, ठिव इकडं! देते मी वाटून!"

रंगनाथचा हात पिशवीकडं गेला. बाया बघत होत्या. त्यानं हात मागं घेतला आणि कमलबाईपुढं जोडला.

"न्हाई मावशी. आता ह्या पिशवीला दुसरा धनी हाय."

मॅडमनी फोन लावला. "बन्सीधरला सोमवारपासून या लाइनवर घ्या," त्या म्हणाल्या.

"रंगनाथ थकला गं बाई," एक बाई मोठ्यानं म्हणाली, आणि बाकीच्यांनी तिला साथ दिली. रंगनाथनं मान हलवून ते कबूल केलं. गाडी त्यानं वेशीबाहेर लावली होती. अर्धी भरलेली पिशवी पाठीवर घेऊन तो गल्लीतून चालत निघाला, मधे एकदा थांबून त्यानं चप्पल झटकली. कमलबाई गिरणी बंद करून दारात आली आणि पिठाचा हात कपाळावर धरून, तो वळणाआड होईपर्यंत बघत राहिली.