कुंकवाखालचा रंग

माझ्या बायकोच्या गालांवर आणि कपाळावर वांग आहेत. धाकट्याच्या बाळंतपणात उठले, ते गेलेच नाहीत. बायका म्हणायच्या, पोटात उष्णता आहे. तिनं दुधात जायफळ उगाळून लावलं, मसुराचं पीठ लावलं, लिंबू चोळलं आणि शेवटी दमून सोडून दिलं. बिडकीनच्या रानात दिवसभर कापूस वेचायचा, त्यात तोंडाकडं बघतंय कोण.

शहरात मुलाकडं राहायला आलो आणि तिच्यासमोर रोज आरसा आला. फोटो काढायची वेळ आली की ती पदर नाकापर्यंत ओढायची. मला ते बघवेना. पारावरच्या एका सोबत्यानं एका ट्यूबचं नाव सांगितलं. मी दुकानात गेलो आणि कुणाला न विचारता घेऊन आलो. सून म्हणाली, मामंजी, आधी डॉक्टरला दाखवू. मी तिला सांगितलं, चाळीस वर्षं जनावरं सांभाळलीत, मला कातड्याचं शिकवू नका.

पंधरा दिवसांत तोंड उजळलं. मी साऱ्या बिल्डिंगीत सांगत फिरलो. तिसऱ्या महिन्यात उलटं झालं. ट्यूब एक दिवस चुकली की तोंडाची आग व्हायची. गाल लाल झाले, त्यावर बारीक लव आली आणि वांग होते त्याहून काळे झाले. म्हणून मी अजून लावायला लावली. मग फर्दापूरला तिच्या भाचीचं लग्न निघालं आणि ती येत नाही म्हणाली. साऱ्या जन्मात तिनं माहेरचं एक लग्न चुकवलं नव्हतं. चूक माझी, हे मला तेव्हाच कळलं. तरी तोंडानं कबूल केलं नाही. सुनेनं कातडीच्या डॉक्टरची वेळ घेतली. मी ट्यूब खिशात टाकली आणि बायकोला घेऊन गेलो.

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. मी मनात म्हणालो, ह्या पोरीला काय कळणार. त्यांनी बायकोला विचारलं, तोंडाला काय काय लावलं?

"शेजारनीनं दिली व्हती कायतरी ट्यूब," बायको म्हणाली. "नाव नाय ठावं."

माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. मी खिशावर हात दाबून धरला.

बाईंनी दिव्याचं एक भिंग तिच्या गालाला टेकवलं आणि समोरच्या पडद्यावर गाल एवढा मोठा झाला की मी खुर्चीत पुढं सरकलो. तपकिरी जाळं दिसत होतं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं. त्यातून लाल बारीक रेषा गेलेल्या, हरभरा उपटल्यावर मुळ्या लोंबतात तशा. ते जाळं कुणी वरून फासलेलं नव्हतं, आतून विणलेलं होतं. जनावराचं कातडं मी लई बघितलं, पण असं कधी नाही.

मग बाई म्हणाल्या, "आजी, कुंकू जरा पुसता का? खालची कातडी बघायचीय."

बायकोनं कपाळावर हात धरला. "नवरा म्होरं बसलाय की, बाई. पुसू कशी?"

तिचं कुंकू जुन्या रुपयाएवढं. आधी मेण, वरून घरचं दाट कुंकू, लग्नापासून एकाच जागी. बाई लगेच म्हणाल्या, राहू द्या, आजी. पण कागदावर लिहिता लिहिता थांबल्या. त्यांना ते बघायचं होतं, हे मला दिसत होतं.

मी उठलो. ट्रेमधला ओला कापूस उचलला. "म्या पुसतो. म्या जित्ता हाय अन् म्याच पुसतोय, मग काय बिघडतंय?"

तिनं डोळे मिटले. मी हलक्या हातानं पुसलं. खाली भिजवलेल्या गव्हाच्या रंगाचा एक वाटोळा तुकडा निघाला. वांग नाही, उन्हाचा काळपटपणा नाही. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा समोर जी पोरगी उभी होती, तिच्या तोंडाचा हा रंग. मला वाटायचं तो कधीच गेला. तो तिथंच होता. मी कापूस हातातच धरून वाकून बघत राहिलो.

बाईंनीही वाकून बघितलं. म्हणाल्या, बऱ्याच बायकांना टिकलीच्या डिंकानं तिथं डाग पडतो, आजींना पडला नाही. दाट थरातून उजेडच आत गेला नाही. मग त्यांनी समजावलं. वांग म्हणजे मळ नाही, की चोळून जाईल. कातडी ऊन अडवायला स्वतःच आत रंग तयार करते. काहींची कातडी बाळंतपणात जी चाळवते, ती गरजेपेक्षा जास्त रंग करत राहते. ऊन लागलं, चुलीची धग लागली, घासलं, की अजून करते.

म्हणजे आम्ही कापसात वाकलेलो असताना हिची कातडी हिच्यावर सावली धरत होती, कुणी न सांगता. मला पुढं ऐकूच येईना. मी ट्यूब काढून टेबलावर ठेवली.

"शेजारीण नाय, बाई. म्या आणली. हिला नको व्हती."

"अवं, ऱ्हाऊ द्या की," बायको हळूच म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून म्हणाल्या, ह्यात स्टेरॉइड आहे. त्यानं कातडी पातळ झालीय. ट्यूब एकदम तोडायची नाही, त्या सांगतील तशी कमी करायची. उजेड अडवायला तपकिरी मलम दिलं, सकाळी लावायचं, दुपारी परत लावायचं, घरात असली तरी. वांगांचं औषध कातडी शांत झाल्यावर. महिने लागतील, आणि पूर्ण जातीलच असं सांगत नाही, म्हणाल्या.

बायकोनं पिशवीतून कुंकवाची डबी काढून माझ्याकडं दिली. "पुसलं तुमी, आता लावा बी तुमीच." नांगराचा हात, गोल काही जमलं नाही. तिनं आरशात बघितलं, वाकडं आहे म्हणाली आणि तसंच ठेवलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना म्हणाली, लग्नाला जाऊ. गाल लाल, वांग तसेच, आणि पदर खांद्यावर.

त्याला आता सात महिने झाले. जळजळ गेली. डाव्या गालावरचा वांग कडेनं विरत चाललाय, उजवा अजून अडून बसलाय. मागच्या वेळी मी बाईंना विचारलं, तो खालचा रंग किती वर्षं तसाच राहतो?

"माणूस आहे तोवर, बाबा."

"मग दम धरा की जरा," बायको मला म्हणाली.