सगळ्यांचं नाव पाहुणा

पाहुणा गेला तेव्हा खिळेमास्तर तीन माणसांच्या एका सोफ्याच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. निसटलेली स्प्रिंग सुतळीने बांधायची होती, आणि अशा कामातून मास्तर मध्येच उठत नसत, मग दारात कोणीही येवो. त्यांनी गाठ मारली, हात बाहेर काढला आणि टेबलाखाली झोपलेल्या कुत्र्याकडे पाहिलं. तो झोपलेला नव्हता. म्हातारा झाला होता, आदल्या दिवसापासून त्याने पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं, तेव्हा त्यात आश्चर्य करण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांना आश्चर्य वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. या खेपेला पाहुणा हे नाव पुढे द्यायला दुसरा कुत्रा नव्हता, आणि तो असावा अशी इच्छाही होत नव्हती.

खिळेमास्तर हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवणारा कारागीर बारीक खिळे तोंडात धरतो, जिभेने एकेक पुढे सरकवतो आणि लोहचुंबकाच्या हातोडीने थेट ओठांतून उचलून लाकडात ठोकतो. त्यामुळे मास्तर उभ्या आयुष्यात जे काही महत्त्वाचं बोलले ते दातांच्या फटीतून. लग्नाला होकारही त्यांनी तसाच दिला होता. बायको सांगायची, "मला वाटलं नाहीच म्हणाले. मी निवांत होते."

पहिला कुत्रा ट्रकखाली जाता जाता वाचला होता. मागचा एक पाय तेवढा गेल्यातच जमा होता. मास्तरांनी त्याला रेक्झिनच्या तुकड्यात गुंडाळून घरी आणलं, तेव्हा बायकोने दारातच अट घातली, की राहील तर पाहुणा म्हणून राहील, पाय बरा झाला की आपल्या वाटेने जाईल. पाय बराचसा बरा झाला. वाट मात्र कुत्र्याला सापडली नाही. ओसरी मिळाली की हातपाय पसरावेत ही म्हण त्याने कुठेतरी ऐकली असावी. पुढे बायकोच त्याला आपल्या ताटातलं द्यायची आणि वर मास्तरांना म्हणायची, तुम्ही लाडावून ठेवलाय.

तो मेला तेव्हा बायको जेवेना. चूल पेटायची, भाजी व्हायची, मुलीचा डबा वेळेवर भरला जायचा, पण ताटावर बसली की तिचा हात थांबायचा. मास्तर घाबरले. रडणाऱ्या माणसाला काय म्हणावं हे त्यांना येत नव्हतं, आणि न रडणाऱ्याला काय म्हणावं हे तर कोणालाच येत नाही. काही महिन्यांनी बाजारामागच्या गटारात एक पिल्लू सापडलं, प्लॅस्टिकच्या बरणीत डोकं अडकलेलं. मास्तरांनी बरणी कापली. बायकोने विचारलं, याचं नाव काय ठेवायचं? मास्तर खिळ्यांच्या पलीकडून म्हणाले, "पाहुणा."

त्यामागे विचार होता, आणि मास्तरांना तो बराच खोल वाटला होता. खुर्चीचा सांगाडा चांगला असेल तर तो फेकायचा नसतो, कापड बदलायचं असतं. नाव तेच राहिलं, हाक तीच राहिली, तर कोणी गेल्यासारखं वाटणार नाही. हे त्यांनी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "कुत्रा म्हणजे खुर्ची नव्हे हो." पण घरात दोघांनी दोन नावांनी बोलावलं तर हाल कुत्र्याचे होतात, म्हणून तिनेही तेच नाव घेतलं.

मग तीच रीत पडून गेली. भाडेकरू घर सोडताना फाटकाला बांधून गेले तो आला. फाटक्या कानाचा आला. अजिबात ऐकू न येणारा आला. सगळे रस्त्यावरचे, सगळे कोणी ना कोणी टाकलेले, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचा असतो त्याच तपकिरी रंगाचे. सगळे पाहुणे. कोणी विचारलं तर मास्तर सांगायचे, "आमचा पाहुणा आहेच." सोफ्याचं कापड बदलायला बऱ्याच वर्षांनी उगवणारं एक गिऱ्हाईक दर खेपेला टेबलाखालच्या कुत्र्याला थोपटायचं आणि म्हणायचं, बघा, मला अजून ओळखतो. मास्तर त्याला दुरुस्त करत नसत. उलट त्यांना बरं वाटायचं. आपण मरणाला कुठेतरी टाका घातला आहे, असं त्यांना वाटायचं.

मग बायको गेली. तिच्या बाबतीत कापड बदलण्याची सोय नव्हती. तेव्हा घरात शेवटचा पाहुणा होता. मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवून बसायचे, आणि त्याला ते चालायचं, यापलीकडे त्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आता तोही गेला. शेजारच्या काचवाल्याने खड्डा खणायला मदत केली. हा माणूस खिडक्यांच्या काचा बसवतो आणि दुसऱ्यांच्या घरात डोकावणं हा आपल्या धंद्याचाच भाग आहे असं समजतो. माती लोटता लोटता तो म्हणाला, मास्तर, तुमचा कुत्रा जगला मात्र भरपूर, मी दुकान घातलं तेव्हाही होता की हा. मास्तर म्हणाले, हो, भरपूर जगला.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरी करते. बातमी ऐकून ती रडली, नाक ओढलं आणि मग म्हणाली, "बाबा, माझ्या दप्तरात तोंड खुपसून झोपायचा, तो कोणता हो?"

"पाहुणा."

"ते माहितीये. कोणता पाहुणा?"

मास्तरांच्या तोंडात त्या वेळी एकही खिळा नव्हता, तरी त्यांना उत्तर देता आलं नाही. मुलगी म्हणाली, बरणीवाला का? मास्तर म्हणाले, असेल. ती म्हणाली, पण बरणीवाला हातोडीच्या आवाजाला भ्यायचा ना, मग तो दुकानातून पळून घरी यायचा, म्हणजे तोच. मास्तर म्हणाले, हातोडीला भ्यायचा तो फाटक्या कानाचा. की फाटक्या कानाचा आणि बरणीवाला एकच? एकूण किती होते यावरही जमेना. मास्तर म्हणत होते चार, मुलगी पाच. शेवटी तिने, जाऊ दे बाबा, जेवून घ्या, असं म्हणून फोन ठेवला.

जाऊ दे म्हटल्याने जाणाऱ्यातली ही गोष्ट नव्हती. मास्तर रात्रभर आढ्याकडे बघत पडले. त्यांना रडायचं होतं. इतक्या वर्षांचं रडणं त्यांनी पुढे ढकललं होतं आणि आता ते एकदमच दारात येऊन उभं होतं. पण रडायला कोणीतरी समोर लागतं. मास्तरांच्या डोळ्यांसमोर येत होता एकच तपकिरी कुत्रा. तो लंगडत होता आणि जिन्यावरून उड्याही मारत होता. त्याला ऐकू येत नव्हतं आणि हातोडी वाजली की तो पळतही होता. त्याचा कान फाटलेला होता, पुन्हा बघावं तर धड होता. असा कुत्रा कुठेच जन्मला नव्हता. जे जन्मले होते, ज्यांनी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून जीव सोडला होता, त्यांपैकी एकही वेगळा होऊन समोर येईना. आपण मरणाला टाका घातला नाही, आपण सगळ्यांना एकाच खोळीत भरून तोंड शिवून टाकलं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांना ते कुत्रे परत वेगळे करून हवे होते. बाकी काही नको होतं.

सकाळी त्यांनी आपल्याला येत होतं तिथून सुरुवात केली. मास्तरांना माणसांचे चेहरे आठवत नाहीत, पण हातून गेलेला प्रत्येक सोफा आठवतो. तेव्हा कोणत्या कुत्र्याने कोणतं सामान कुरतडलं हे लावत गेलं, की कुत्रे आपोआप रांगेत उभे राहतील, असा हिशेब. हिरव्या मखमलीच्या दिवसांत एकाने हेडबाईंच्या खुर्चीचा हात चावला होता. मास्तरांनी त्यावर आतून ठिगळ लावलं होतं. हेडबाई शाळेतून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण खुर्ची अजून त्यांच्या खिडकीशी होती.

मास्तर हत्यारांची पिशवी घेऊन गेले. हेडबाई म्हणाल्या, खुर्ची मोडलेली नाही, मी बोलावलेलं नाही. मास्तर म्हणाले, नुसती आतून बघू द्या. त्यांनी कारण सांगितलं. हेडबाईंनी ते एखाद्या पोराची गृहपाठ न केल्याची सबब ऐकावी तसं ऐकलं, आणि सरकून जागा करून दिली. म्हणाल्या, "म्हातारपणी लोक गावाला जातात. तुम्ही खुर्चीच्या पोटात जाताय. जा."

मास्तरांनी खुर्चीच्या हाताखालचे खिळे काढले, कापड उलटं केलं. ठिगळ होतं. दातांच्या खुणा होत्या. आणि काथ्यात गुंतलेले केस होते, तपकिरी, चिमूटभर. मास्तरांनी ते तळहातावर घेतले आणि खिडकीपाशी नेले.

"सापडला?" हेडबाईंनी विचारलं.

"केस तर आहेत."

"कोणाचे?"

हेडबाईंनी चष्मा लावला, तळहातावर वाकल्या आणि बराच वेळ वाकूनच राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्या ह्यांचेही असतील. याच खुर्चीत बसायचे, डोकं असं हातावर टाकून. शेवटी शेवटी केस रंगवायचे, तो असाच रंग यायचा. मी म्हणायचे, शोभत नाही तुम्हाला."

दोघं त्या चिमटीकडे बघत राहिले. तिच्यावर हक्क सांगणारी दोन माणसं होती आणि खात्री कोणालाच नव्हती. हेडबाई म्हणाल्या, मग असं करा, परत आत घाला. मास्तरांनी केस काथ्यात ठेवले, कापड ताणलं, खिळे ठोकले. मास्तर निघाल्यावर हेडबाईंनी दार लावलं नाही. त्या खुर्चीकडे तोंड करून उभ्या होत्या.

रविवारी मेहुणी आली, बायकोची धाकटी बहीण. कुत्र्याच्या दुखवट्याला आलेय असं म्हणायला तिला लाज वाटत होती, म्हणून ती फरशी पुसायला आलेय असं म्हणाली, आणि पुसलीही. पुसता पुसता तिने सगळी हकीकत ऐकून घेतली. मग बादली बाजूला सारून म्हणाली, ताई असताना विचारायला हवं होतं.

"ती काय सांगणार? तीही पाहुणाच म्हणायची."

"भाऊजी, ताई कुठे सगळ्यांना एका सुरात हाक मारायची?"

मास्तरांनी मान वर केली. मेहुणीने ओले हात पदराला पुसले आणि बहिणीची हाक काढून दाखवली. लंगड्याला शेवटचं अक्षर लांबवून, तो जिना चढून पोचेपर्यंत पुरेल इतकं. बरणीवाल्याला तोडून, दोरा दाताने तोडावा तशी. तो खोड्याळ होता ना, म्हणाली. त्या दोन हाकांसरशी मास्तरांसमोर दोन कुत्रे उभे राहिले होते, एक जिन्याच्या पायथ्याशी आणि एक मोरीच्या दारात, एकमेकांसारखे अजिबात न दिसणारे. आणखी एक गोष्ट त्यांना आठवली. मधल्या काळात घरात एकाच वेळी दोन पाहुणे होते. बायको हाक मारायची आणि दोघांपैकी बरोबर एकच उठायचा. मास्तरांना तेव्हा वाटायचं, कुत्रे हुशार आहेत.

"पुढचे?" त्यांनी विचारलं. "फाटक्या कानाचा? फाटकावरचा?"

मेहुणीने तोंड उघडलं, थांबली. एक हाक काढली, मग म्हणाली, नाही, ही बरणीवाल्याचीच झाली. पुन्हा काढली. ती लंगड्याची झाली. मेहुणी काही या घरात राहिलेली नव्हती, सुटीला यायची तेवढंच. तिसऱ्या खेपेला पहिल्या दोन्ही हाकाही एकमेकींत मिसळल्या, आणि जिन्याच्या पायथ्याशी उभा असलेला कुत्रा मास्तरांच्या डोळ्यांदेखत पुसट झाला. मेहुणी म्हणाली, "मी उगाच काढलं. माझ्याच्याने नाही आठवत."

मास्तरांनी तिथल्या तिथे मुलीला फोन लावला. तुझ्या दप्तरातल्या कुत्र्याला आई कशी हाक मारायची, एवढंच सांग, करून दाखव. मुलगी म्हणाली, "मला मारायची तशीच, बाबा." आणि तिने प्रयत्न केला, पण पहिल्या अक्षरालाच तिचा आवाज फुटला. ती म्हणाली, नंतर करते. मास्तर म्हणाले, बरं. तिने नंतर ती हाक काढून दाखवली नाही, आणि मास्तरांनीही मागितली नाही.

सोमवारी दुकानाचं दार ओढून घेऊन मास्तरांनी स्वतः हाक मारून बघितली. "पाहुणा" म्हणाले. ती नेहमीची झाली, गिऱ्हाइकाला सांगावं तशी. लांबवली तर भंगारवाल्याची आरोळी वाटली. तोडली तर दटावल्यासारखी वाटली, आणि त्यांनी कोणाला कधी दटावलं नव्हतं. हळू म्हणून पाहिली, डोळे मिटून म्हणून पाहिली. प्रत्येक वेळी तोच एक तपकिरी कुत्रा आला, लंगडणारा आणि न लंगडणारा, आणि समोर बसून राहिला.

दार ढकलून काचवाला आत डोकावला. मला बोलावलंत का, म्हणाला. मास्तर म्हणाले, नाही. तेव्हा तो उंबऱ्यावरच टेकला. बाजारामागे एक कुत्री पडली आहे, पुढचा पाय सुजलाय, लोक दगड मारतात, आणू का, असं त्याने विचारलं. "नाव तर तुमच्याकडे तयारच आहे."

"नको," मास्तर म्हणाले. अगदी स्पष्ट म्हणाले.

"मग दुसरं नाव ठेवा. नावांना काय तोटा?"

मास्तरांनी बराच विचार केला. त्यांना कुत्रीची दया आली नाही असं नाही. पण ती आली, राहिली आणि गेली, की तीही त्यांच्याकडून नीट आठवली जाणार नाही, याची आता त्यांना खात्री होती, आणि वेगळी हाक मारणारं घरात कोणी नव्हतं. "हेडबाईंना विचार," ते म्हणाले. "मला नको."

काचवाला उठला. बाहेर तो कोणाला तरी सांगत होता की म्हातारा फार दुःखात आहे, कोणाला जवळ येऊ देत नाही. ते खरंच होतं. दुःख कोणाचं, एवढंच मास्तरांना सांगता येत नव्हतं.