पसंतीवर आणलेल्या दोन नावा

आमच्या साडूंनी नाव ठेवलं नाही अशी वस्तू नागपूर जिल्ह्यात अजून तयार व्हायची आहे. माझ्या बायकोच्या ताईचे हे यजमान. एकदा फोनवर म्हणाले, "दोन नावा आणल्या पसंतीवर. एक ठरवाची हाय. ये." त्यांच्या लेकीला नुकतीच मुलगी झालेली. मी 'नावा'चं 'नावं' ऐकलं आणि झबलं, पेढे, खिशात अकरा नावांची यादी असा खापरखेड्याला पोचलो. अंगणात तुळशीच्या दोन बाजूंना ॲल्युमिनियमच्या दोन होड्या चकाकत होत्या. साडूंनी झबलं उलटसुलट करून पाहिलं. "नावेले होत नाही गा हे. अन् शिलाईही उसवून राहिली."

लोक पसंतीवर साड्या आणतात. होड्या आणणारा माणूस मी हा एकच पाहिला. जन्म वीजकेंद्राच्या पाळ्यांमध्ये गेलेला. ते रात्रपाळीहून येत तेव्हा ताई शाळेत शिकवायला निघालेल्या असत, त्यामुळे दोघांचा संसार बराचसा फाटकातच झाला. आता साडूंना पारशिवनीकडच्या तलावात गळ टाकून बसायचं होतं, आणि ताई बरोबर असतील तरच. ताईंची अट होती, "हलली तर मी येणार नाही." शिवाय गुडघे असे, की खाली बसल्या तर उठवायला दोन माणसं लागत.

एक होडी टोकदार बुडाची, बाक उंच, पण डुलणारी. दुसरी सपाट बुडाची, स्थिर, पण तिची बसायची फळी वीतभरच उंच. तीन आठवडे साडू दोघींना नावं ठेवत होते. माठ पारखावा तशी टिचकी मारून एकीला म्हणत, "पत्रा पातळ हाय." दुसरीला, "हिचं नाक लय वर हाय." मी मदत म्हणून सपाट होडीत बसून दाखवलं, तर फळी करकरली. "हे काही नावेची खोट नाही," साडू माझ्या पोटाकडे बघत म्हणाले.

तेवढ्यात ताई बाहेर आल्या. "तुमचं ठरेपर्यंत तलाव आटून जाईल." त्यांनी टोकदार होडीला नुसता हात टेकला आणि ती कलंडली. मग सपाट होडीत बसल्या. ती जागची हलली नाही, पण ताईही हलेनात. एकेक हात धरून आम्ही दोघांनी त्यांना उठवलं. साडू आत गेले. आतून स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, करवतीने त्याचे पाय अर्धे कापले आणि होडीत ठेवलं. ताई बसल्या आणि आपल्या आपण उठल्या.

"आता कसं वं?"

"आता बरं वाटून राहिलं."

साडूंनी होडीभोवती दोन चकरा मारल्या. नाव ठेवायला काही सापडलं नाही.

पुढच्या रविवारी मी काठावरून पाहिलं. नटबोल्टने बसवलेल्या स्टुलावर ताई छत्री उघडून बसलेल्या, आणि साडू गळाकडे पाठ करून त्यांच्याकडे तोंड केलेले. एकच मासोळी लागली. तिचे डोळे बारीक आहेत म्हणून त्यांनी ती सोडून दिली.

घरी येऊन हे सगळं मी बायकोला रंगवून सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. हसली, मग हातातली शेंग तशीच ठेवली.

"ती दुसरी होडी परत गेली का हो?" ती म्हणाली. "हलली तरी मला चालेल."