पठारावरचा फिरवलेला दगड

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं पुसट झाली, पण पठारावरची ती घटना आजही लख्ख आठवते.

साताऱ्याजवळच्या त्या पठारावर रात्री तारे पाहण्यासाठी पायवाट आखलेली होती. सोबत वाटाड्या नसे. दगडांवर रंगवलेले चमकते बाण बघत लोक आपापले चालत.

दिवस उजाडताना एक निवृत्त सुभेदार आमच्या पोलीस ठाण्यात आले. दुखऱ्या गुडघ्यामुळे ते रात्री गाडीतच थांबले होते. पत्नी वाटेने गेली, ती परतलीच नाही. मोबाइल बंद. बाई बेपत्ता असल्याची नोंद करून मी पथक पाठवलं. तेवढ्यात सांगलीहून बाईंच्या भावाचा फोन आला. दोघांची भांडणं होती, आधी दाजींनाच विचारा, असं तो म्हणाला.

मी विचारलं. भांडण झाल्याचं सुभेदारांनी लपवलं नाही. एकच गोष्ट ते पुन्हापुन्हा विचारत होते, वर माणसं पोहोचली का.

पथकाला वाटेवर काही सापडेना. ऊन चढू लागलं. मग हवालदाराचा फोन आला. बाणाचा एक दगड जागेवरून फिरवलेला होता. शेजारीच त्याच्याखाली दबलेलं पिवळं गवत उघडं पडलं होतं. जवळ एकच घर होतं. तिथल्या शेतकऱ्याला मी गाठलं. त्याने साफ नाकारलं, पण पुन्हापुन्हा वाटेकडे बघत होता.

गुन्ह्याचं बोलणं मी थांबवलं. म्हटलं, "दगड कुणी फिरवला ते मागनं बघू. बाई कदाचित जिवंत असतील. तो बाण आता कुठं नेतो, तेवढं सांग."

तेव्हा तो बोलू लागला. "आवं सायेब, आई लय आजारी हाय. लोकं दारातनं जात्यात, कुत्री भुकत्यात, तिला झोप न्हाई. म्हून वाट वळवली. म्होरं जुनी खाण हाय, ते ध्यानातच आलं न्हाई."

सुभेदारांना जीपने खाणीपर्यंत नेलं. कडेवरून त्यांनी हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला खालून क्षीण आवाज आला. पाय मोडला होता, पण बाई शुद्धीवर होत्या.

शेतकऱ्यावर जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा दाखल झाला. तो टळणार नव्हताच. संध्याकाळी दवाखान्यात भाऊ आला आणि दारातच घुटमळला. सुभेदारांनी बाकावर सरकून त्याला जागा दिली.

त्या दिवसापासून माणूस हरवल्याच्या तपासात 'कुणी केलं' हा प्रश्न मी मागे ठेवू लागलो. घाबरलेला माणूस त्या प्रश्नावर तोंड मिटून घेतो. 'कुठं असेल' असं विचारलं, तर त्यालाही शोधात सामील होता येतं.