खांदा बसवताना बास्केटबॉल

खेळाचा मला गंधही नव्हता. नागपूरला घरासमोरच मैदान होतं, पण ते भावांचं. आम्ही बहिणी पुस्तकांत. अमेरिकेत ओहायोतल्या एका लहान गावात इमर्जन्सीत डॉक्टरची नोकरी लागल्यावर मात्र मी चक्क बेसबॉल शिकले. कारण माझा चेहरा बघून, उच्चार ऐकून पेशंट अंग आखडून बसायचे. बेसबॉलचा विषय काढला की सैल पडायचे. मग मी गाडीत रेडिओवर मॅचेस ऐकायला लागले. खेळ क्रिकेटच्या चुलतभावासारखा वाटला, पटकन जमला.

ऐंशीच्या दशकात हळूहळू हे औषध लागू पडेनासं झालं. तरुण पोरं फुटबॉलचंच बोलायची, आणि इथला फुटबॉल तर हातात घेऊन पळायचा! म्हाताऱ्यांवर तरी माझी भिस्त होती.

एका हिवाळ्यात बर्फावर घसरलेल्या एक आजी आल्या. निवृत्त मास्तरीणबाई. उजवा खांदा निखळलेला. हाड मोडलं नव्हतं, पण हृदय कमजोर. भूल द्यायची मला भीती वाटत होती. जागेपणीच खांदा बसवायचा, तर त्यांनी हात सैल सोडायला हवा. त्यांनी मला न्याहाळलं आणि नर्सला विचारलं, "दुसरे कोणी डॉक्टर नाहीत का?"

नव्हते. मला राग आला. तो गिळून मी हुकमाचं पान टाकलं. "येत्या मोसमात आपली बेसबॉल टीम काय करेल हो?"

"बेसबॉल?" त्या फणकारल्या. "खेळाडूंनी संप केला ना, तेव्हाच सोडला मी. त्याच वर्षी नवरा गेला होता. रोज संध्याकाळी रेडिओ लावायचे, तर मॅचच नाही. मग टीव्हीवर बास्केटबॉल सापडला."

झाली का पंचाईत! बास्केटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण आता खरंच कुतूहल वाटायला लागलं. खेळ आडनावासारखा जन्मापासून चिकटतो, अशी माझी समजूत होती. या वयात माणूस तो बदलतो कसा?

मी त्यांचं कोपर अलगद धरलं. "मला त्यातलं काही कळत नाही. सगळे नुसते इकडून तिकडे पळताना दिसतात."

"नुसते पळतात?" बाईंमधली मास्तरीण जागी झाली. डावा हात हवेत नाचवत त्या शिकवायला लागल्या. मी प्रश्न विचारत होते आणि त्यांचा उजवा हात अगदी हळूहळू बाहेरच्या बाजूला वळवत होते. समोर न बघताच चेंडू जोडीदाराकडे कसा देतात, हे त्या सांगत असताना खांदा खट्‌कन जागेवर बसला.

"बसला," मी म्हटलं.

"मध्ये बोलू नका. ऐका," त्या म्हणाल्या.

हात गळ्यातल्या झोळीत अडकवताना त्यांनी विचारलं, "तुम्ही बेसबॉल कोणाबरोबर बघता?"

"बघत नाही. गाडीत ऐकते. एकटीच."

"रविवारी दुपारी मॅच आहे. घरी ये. नुसतं ऐकून हा खेळ कळायचा नाही."

इतक्या वर्षांत बेसबॉलवर मी या गावातल्या शेकडो लोकांशी बोलले होते. घरी ये, असं एकानेही म्हटलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून मान खाली घालून मी झोळीची गाठ उगाचच आवळत राहिले.

"अगं, दुखतंय," आजी म्हणाल्या.