वहिनींची पोच

वहिनी कधी बसायच्या नाहीत. वर्गात नाइलाज म्हणून टेकायच्या, तेही बाकाच्या अगदी कडेला, एक पाय बाहेर काढून. बाकी सगळीकडे उभ्या. हातात स्कूटीची चावी, आणि ती बोटाभोवती सारखी फिरत असायची. त्या खुळखुळाटाने माझं डोकं उठायचं. "बसा की हो जरा," असं कुणी म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसलं की माणूस इसरतो, कशाला आलता ते."

त्या आमच्या कुणाच्याच वहिनी नव्हत्या. मंचरच्या अलीकडे हायवेला लागून आमचं कॉलेज. बी.एस्सी.च्या वर्गात आम्ही सगळी अठरा-एकोणीस वर्षांची आणि त्या एकतीसच्या. अवसरी बुद्रुकच्या सूनबाई, मुलगी तिसरीत. पहिल्या दिवशी त्या वर्गात शिरल्या तेव्हा मॅडम आल्या म्हणून आम्ही सगळे उठून उभे राहिलो. "आरं बसा, मी बी तुमच्यातलीच," म्हणाल्या आणि शेवटच्या बाकाकडे गेल्या. त्यानंतर त्यांना नावाने हाक मारायची कुणाची छाती झाली नाही.

पहाटे दोन गायींच्या धारा काढायच्या, दूध डेअरीला घालायचं आणि पहिल्या तासाला हजर व्हायचं, असा त्यांचा दिवस. कॉलेजची फी त्याच दुधातून निघायची. नवरा पिकअपमधून कांदा घेऊन वाशीला जायचा. "शीक, पण घरात पैसं मागू नको," असं त्याने सांगितलं होतं आणि वहिनींना ते रास्त वाटत होतं. त्यांना साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करायची होती. "गाळपाच्या टायमाला उसाचा रस तपासायला माणूस लागतो ना? ती मी," असं त्या सांगायच्या. जणू ऑर्डर पर्समध्येच होती.

पोच ही त्यांची दुसरी खोड. कुठलाही अर्ज दोन प्रतींत लिहायचा, एक ऑफिसात द्यायची आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घेऊनच हलायचं. लायब्ररीचं कार्ड हरवल्याच्या अर्जालासुद्धा पोच! क्लार्क वैतागायचा. "अहो, मी काय पळून चाललोय का?" "तुमी न्हाई वो, कागद पळतो." कँटीनवाल्याने तर एकदा वडापावबरोबर कागदाच्या चिटोऱ्यावर 'वडा पोचला' असं लिहून त्यांच्या पुढ्यात ठेवलं. वहिनींनी ते नीट घडी घालून पर्समध्ये टाकलं. "पोच मिळाली म्हणजे काम झालं का?" असं मी एकदा खवचटपणे विचारलं. "न्हाई भाऊ. पोच म्हंजी उत्तर न्हाई. पण आपण बोललो व्हतो, एवढं तरी ऱ्हातं."

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर रसायनशास्त्राचे दोन्ही सर यायचे बंद झाले. दोघंही तासावर पैसे मिळणारे, आणि ते पैसे कित्येक महिने मिळालेच नव्हते. त्यांना तरी काय बोलणार? वर्ग रिकामा पडला, प्रयोगशाळेला कुलूप लागलं. आमची फी मात्र प्रॅक्टिकलसकट जूनमध्येच भरून झालेली. आम्ही मागच्या बॅचच्या जर्नल आणल्या आणि बिनदिक्कत रीडिंग उतरवायला बसलो. वहिनी काही उतरवेनात. त्या प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून स्वतःची जर्नल लिहायच्या. मी ती वाचली आहे. "निरीक्षण : दाराला कुलूप आहे. कुलूप गंजलेले नाही. अनुमान : चावी कोणाकडे तरी आहे." आम्ही हसून हसून लोळलो. वहिनी हसल्या नाहीत. "उद्या कारखान्यात गेले आन् पिपेट धरता आली न्हाई, तर तिथं काय तुमच्या उतरवलेल्या जर्नली दावू?"

फी परत मागायची कल्पना त्यांचीच. "शिकवा, न्हाईतर पैसं माघारी द्या. यात भांडान कसलं?" त्यांची एक गाय तेव्हा आटली होती. प्रॅक्टिकलची फी परत मिळाली तरच तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येणार होता, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. अक्षर बरं म्हणून अर्ज लिहायचं काम वहिनींनी मला एकट्याला गाठून सांगितलं. पण माझे वडील त्याच कॉलेजात शिपाई. मी अट घातली : खाली माझी सही नाही आणि माझं नाव कुणालाच सांगायचं नाही, वर्गातसुद्धा. वहिनींनी चावी फिरवायची थांबवली आणि मान डोलावली.

तक्रारीच्या आधी चार गोड शब्द लिहावेत, ही आमच्या शाळेची शिकवण. मी सुरुवात केली, "आपल्या महाविद्यालयात आम्हांस उत्तम शिक्षण मिळत असून त्याबद्दल आम्ही आपले ऋणी आहोत." मग नव्या ओळीवर 'तथापि' आणि त्याखाली सगळं गाऱ्हाणं. तो 'तथापि' लिहिताना मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं होतं. माझ्याखेरीज सगळ्यांनी न वाचता सह्या ठोकल्या. वहिनींनीसुद्धा दोन प्रती आहेत ना एवढंच पाहिलं आणि जाऊन पोच आणली.

पंधरा दिवसांनी प्राचार्यांनी आम्हाला हॉलमध्ये बोलावलं. पाण्याचा ट्रे घेऊन माझे वडीलच आत आले. प्राचार्यांनी अर्जाचं पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं आणि चष्मा काढला. "उत्तम शिक्षण मिळतंय, असं तुम्हीच लिहून दिलंय. मग फी कशाची परत द्यायची?" मग त्यांनी विचारलं, "हे लिहिलं कुणी?" मी वडिलांच्या हातातल्या ट्रेकडे बघत राहिलो.

"मी," वहिनी म्हणाल्या. त्या भिंतीशी उभ्याच होत्या.

बाहेर आल्यावर पोरं त्यांच्यावर तुटून पडली. "वहिनी, तुम्ही सगळं घालवलंत! कशाला हवे होते ते गोड शब्द?" वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मी त्याच घोळक्यात होतो आणि, सांगायला लाज वाटते, मीही मान हलवली. गोड बोलणं ज्या बाईला जन्मात जमलं नाही तिने ते वाक्य लिहिलं असेल, हे सगळ्यांना खरं कसं वाटलं?

मग त्यांनी एकटीनेच विद्यापीठाला अर्ज केला. त्याची सुरुवातच "शिकवलेले नाही" अशी होती. विद्यापीठाने कळवलं, कॉलेजने निर्णय घ्यावा. कॉलेज म्हणालं, विद्यापीठाचा आदेश आणा. त्या एसटीने पुण्याला जात राहिल्या आणि पोचा घेऊन परत येत राहिल्या. जूनमध्ये तिसऱ्या वर्षाची यादी लागली, तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. त्या दिवशी गेटवर स्कूटी चालू ठेवूनच मला म्हणाल्या, "भाऊ, पिपेट धरायला कुठंतरी शिकून घ्या," आणि गेल्या.

मी पिपेट शिकलो नाही. आज जुन्नरला एका ऑफिसात मी आवक-जावकच्या टेबलावर आहे. एकच प्रत घेऊन येणाऱ्याला मी आधी झेरॉक्सला पिटाळतो. लोक मनात शिव्या देत असतील, देवोत. शिक्का मारताना मी उभा राहतो. बसवतच नाही. खुर्चीत टेकलो की तो हॉल, तो ट्रे आणि वहिनींचा तो 'मी' आठवतो. वडील दोन वर्षांमागे रिटायर झाले, तेव्हा भीतीचं कारणही संपलं होतं. तरी मी दोन वर्षं काढलीच.

गेल्या महिन्यात शेवटी अर्ज लिहायला घेतला. प्रति, वहिनी. ते वाक्य माझं होतं. तुम्ही माझं नाव झाकलंत आणि मी तुम्हाला बोल लागू दिला. मला माफ करावं. 'तथापि' कुठेही लिहिलं नाही.

अवसरीत दूध संकलन केंद्रावर वहिनी दुधाची फॅट मोजायच्या मशीनपाशी उभ्या होत्या. चावी कमरेला खोचलेली. त्यांनी हात पुसून कागद घेतला आणि या वेळी वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुन्हा एकदा वाचला.

"दुसरी परत कुठाय?"

मी खिशातून काढून दिली. त्यांनी तिच्यावर केंद्राचा शिक्का मारला, सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्या हातात ठेवला. मागे किटल्या घेऊन माणसं खोळंबली होती. मी तिथेच उभा.

"वहिनी, उत्तर?"

"पोच दिली की, भाऊ," त्या म्हणाल्या आणि पुढच्या माणसाची किटली ओढून घेतली.